हळदीच्या डब्याशेजारचा फोन

लातूरच्या ट्युशन एरियात गुरुलिंगआप्पांची मेस कुणालाही विचारा, बोट दाखवून देतील. पाटी अशी नाहीच. दोन कोचिंग क्लासच्या मधल्या बोळात, एका जुन्या इमारतीच्या खालच्या मजल्यावर चार लांब टेबलं आणि आठ बाकडी, एवढाच थाट. बिलोलीची, किनवटची, उदगीरची पोरं डॉक्टर व्हायला लातूरला येतात, दोन वर्षं आप्पांच्या वरणात चपाती बुडवतात आणि आपल्या वाटेनं जातात. काही खरोखर डॉक्टर होतात. बाकीच्यांना आप्पा मार्कं विचारत नाहीत. जेवलास का, एवढंच विचारतात.

आप्पांची एक दुखरी नस मात्र सगळ्या पोरांना ठाऊक होती. माणूस फौजेतला असला की त्याला या मेसमध्ये पैसे पडत नसत. सुट्टीवर आलेला कुणी जवान भावाला भेटायला आला की आप्पा स्वतः वाढायला उभे राहायचे, आणि वर ताकाचा तांब्या घेऊन आग्रह करायचे. "मेसचं बिल थकलं तर केस बारीक कापून जा," अशी पोरं एकमेकांची चेष्टा करायची. ती आप्पांच्या कानावर यायची आणि ते हसून सोडून द्यायचे. हसण्यामागचं कारण फार थोड्यांना माहीत होतं.

त्र्याण्णवच्या भूकंपात आप्पा चौदा वर्षांचे होते. किल्लारीच्या पट्ट्यातलं गाव, दगडमातीचं घर, वर मातीचं माळवद. वडील ईश्वरप्पा आधीच वारलेले. आई आणि धाकटी बहीण त्या घराखाली गेल्या. गुरुलिंग आडव्या पडलेल्या तुळईखाली अडकून जिवंत राहिला. दुसऱ्या दिवशी सकाळी ढिगाऱ्यातल्या एका भगदाडातून कुणाचा तरी हात आत आला. हातात पाण्याची बाटली होती. दगड घाईनं ओढले तर वरचं सगळं खाली येईल, म्हणून जवान एकेक दगड हातानं काढत होते, आणि त्यातला एक जण त्या भगदाडापाशी बसून होता. सकाळपासून दुपारी दोनपर्यंत. तो नुसता बोलत होता. नाव काय, शाळेत कितवीला, गणित आवडतं का. पोराला झोप लागू नये म्हणून. मध्येच पोरगं रडायला लागलं की म्हणायचा, "हिलना मत बेटा. हम बैठे हैं."

त्याचा चेहरा गुरुलिंगला कधी दिसलाच नाही. बाहेर काढलं तेव्हा उजेडानं डोळे मिटले, आणि उघडले तोवर तो माणूस पुढच्या घराकडे गेलेला. राहिला तो आवाज आणि 'हम बैठे हैं' हे तीन शब्द. पुढं मामा बसलिंगप्पांनी लातूरला आणलं, गुरुलिंग एका मेसमध्ये भांडी घासायला लागला, कोचिंगची चलती वाढत गेली तसा आचारी झाला आणि तिशीत स्वतःची मेस टाकून बसला. पण फौजी म्हटलं की त्याच्या डोक्यातलं सगळं व्यवहारज्ञान बंद पडायचं. भाजीवाल्याशी पाच रुपयांसाठी अर्धा तास हुज्जत घालणारा माणूस वर्दी बघितली की लहान व्हायचा.

या मेसच्या चुलीशी अकरा वर्षं चांदबी होती. मूळची नांदेडची. नवरा हारिस लातुरात कूलर आणि मोटारी दुरुस्त करायचा. मूत्रपिंडाच्या आजारात तो गेला, तेव्हा पदरात सात वर्षांची सुमय्या होती. नांदेडहून थोरले दीर जिलानीभाई न्यायला आले होते. चांदबी म्हणाली, "पोरीची शाळा हितं हाय, मी हितंच राहते." दुसऱ्या दिवशी ती आप्पांच्या मेसमध्ये कणीक मळायला उभी राहिली. दिवसाला चारशे चपात्या ही बाई लाटायची, आणि रविवारी भाकरी. आता सुमय्या फार्मसीला गेली होती, आणि चांदबीच्या मनात एक बेत शिजत होता. मुलींच्या होस्टेलमधून तिला विचारणा होत होती, खोलीवर डबे देता का म्हणून. चाळीस डबे तर सहज सुटले असते. गाडी हवी होती, बस्स. सुमय्यानं तिला कॉलेजच्या मैदानावर स्कूटी शिकवलीही होती. भिशी उचलायची, जुनी स्कूटी घ्यायची आणि स्वतःच्या नावानं डबे सुरू करायचे, असं ठरवून तिनं पहिल्यांदा सांगितलं ते आप्पांना.

आप्पा खूश झाले. हातची बाई जाणार म्हणून कुरकुर करतील असं बायकोला, रेणुकाला, वाटलं होतं. तसं काही नाही. उलट गाडी आपल्या हातून लागावी, उद्या चांदबीनं चारचौघांत सांगावं की आप्पांनी पारखून दिली, एवढी हौस त्यांना होती. ही हौसच पुढं नडली.

जूनच्या पहिल्या आठवड्यात चांदबीनं मोबाइलवर एक जाहिरात दाखवली. दोन वर्षं वापरलेली पांढरी स्कूटी, बाजारात चालते त्याच्या निम्म्या भावात. विकणाऱ्यानं आपण फौजेत हवालदार असल्याचं सांगितलं होतं. लांबच्या एका छावणीत ड्यूटी, आता सरहद्दीवर बदली आलेली, म्हणून गाडी घाईनं काढायची. त्यानं वर्दीतला फोटो पाठवला, ओळखपत्राचा फोटो पाठवला, गाडीचे चार फोटो पाठवले.

"पर आप्पा," चांदबी म्हणाली, "गाडी बगितल्याबिगर पैसे कसे द्यायचे? मी मेथीची जुडी बी उलटी करून बगते."

"आण इकडं. मी बोलतो."

आप्पांनी फोन लावला. पलीकडचा आवाज भारदस्त, अदबीचा. "जय हिंद भाईसाहब." आप्पांची पाठ आपोआप ताठ झाली. गाडी बघायला येता येईल का, असं त्यांनी चाचरत विचारलं. तो म्हणाला, छावणीत बाहेरच्या माणसाला सोडत नाहीत, पण फौजेच्या ट्रकमधून गाडी थेट तुमच्या दारात येईल. गेटपासचे पैसे तेवढे आधी भरा, बाकीचे गाडी बघून द्या. आप्पा घुटमळले तसा तो हसून म्हणाला, "आप चिंता क्यों करते हैं? हम बैठे हैं ना."

झालं. एकोणतीस वर्षांनी ते शब्द कानात पडले. चांदबीकडे वळून ते म्हणाले, "फौजी माणूस हाय. डोळे झाकून पैसे दे."

चांदबीनं दिले. त्या माणसापेक्षा आप्पांवर तिचा भरवसा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला ट्रकचं भाडं मागायला फोन आला. ते दिलं. साडेबाराला विम्याची रक्कम, गाडी पोचली की परत मिळणारी. या वेळी चांदबीचा हात थांबला. चपात्यांची घाई चालली होती. रेणुका बाजारात गेलेली, पोरं अजून क्लासमध्ये. स्वयंपाकघरात दोघंच. फोन वाजत होता, थांबत होता, पुन्हा वाजत होता. "जल्दी कीजिए, पाँच मिनट में गेट बंद होगा," असं तो माणूस सांगत होता.

"आप्पा, ह्याला एवढी घाई कामून हाय?"

"फौजेत टाइम म्हणजे टाइम असतोय, चांदबी. आपल्यावाणी न्हाई."

तिनं तेही पाठवले. पाठवल्यावर दहा मिनिटांत चौथी मागणी आली, तेव्हा ती लाटणं ठेवून उभी राहिली. "आप्पा, हे खरं न्हाई. सुमय्याच्या कॉलेजात पोलिसांनी सांगितलं व्हतं, असं झालं की लगेच एकोणीसशे तीसला फोन लावायचा. मी लावते."

आणि आप्पा चिडले. अकरा वर्षांत चांदबीवर त्यांनी आवाज चढवला नव्हता, त्या दिवशी चढवला. "फौजीवर पोलिसात तक्रार करायली? देशासाठी मरायलेत ती माणसं! लाज वाटली पाहिजे." त्यांनी तिच्या पिठाच्या हातातून फोन काढून घेतला आणि वर फळीवर, हळदीच्या डब्याशेजारी ठेवून दिला. "सांजच्याला पाच वाजता ट्रक येतोय. तवर ह्याला हात लावायचा न्हाई."

चांदबी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली, मग पुन्हा पाटावर बसली. उठलं की फळी तिच्या हाताच्या उंचीवरच होती. तिनं हात लावला नाही.

पाच वाजले, सात वाजले. ट्रक आला नाही. आप्पा म्हणाले, रस्त्यात अडकला असेल. सकाळी त्यांनी स्वतः फोन लावला तर नंबर बंद. फोटो, ओळखपत्र, जाहिरात, सगळं नाहीसं.

सायबर पोलिसांच्या खोलीत धम्मानंद नावाचे हवालदार होते. शांत माणूस. चांदबीचं ऐकत त्यांनी लिहून घेतलं. त्यांच्या पाठीमागच्या भिंतीवर एक मोठा कागद चिकटवलेला होता: सैन्यात असल्याचे सांगून वाहन विकणाऱ्यांपासून सावध राहा, गाडी आणि कागद समोर बघितल्याशिवाय एक रुपयाही पाठवू नका. आप्पांनी तो एकदा वाचला. मग नजर कुठं ठेवावी ते त्यांना कळेना.

"बाई, तुम्हाला शंका कधी आली?" धम्मानंदांनी विचारलं.

"काल दुपारी, एकच्या सुमाराला."

"मग आता दुसऱ्या दिवशी बारा वाजता येऊन राहिलात? तवाच फोन लावला असता तर शेवटचे दोन हप्ते तरी बहुतेक पुढच्या खात्यात अडकवता आले असते. चोवीस तासांत पैसे चार राज्यं फिरून येतेत. काय करत व्हतात तुम्ही?"

खोलीत पंखा फिरत होता. आप्पा तिच्या उजव्या हाताला, हातभर अंतरावर उभे होते. आता आपण बोलायचं, हे त्यांना स्पष्ट कळत होतं. तोंडही उघडलं असेल. पण ते फिरणाऱ्या पंख्याकडे बघत राहिले.

"माझंच चुकलं साहेब," चांदबी म्हणाली. "मी घाबरले. उशीर माझ्याकडून झाला."

धम्मानंदांनी तसंच लिहून घेतलं. चांदबीनं सही केली. साक्षीदार म्हणून खाली आप्पांनीही केली. त्या कागदावर उशीर तिच्या नावावर लागला, आणि त्याखाली आप्पांची स्वच्छ, गोल अक्षरातली सही.

दोन दिवसांनी जिलानीभाई नांदेडहून आले. माणूस वाईट नव्हता. धाकट्या भावाची बायको आणि पोर परक्या गावात फसली, याचं त्यांना खरोखर वाईट वाटलं होतं. पण वाईट वाटलं की माणसं ताबा घेतात. त्यांनी चांदबीचा फोन घेतला, बँकेचं पुस्तक घेतलं, आणि मेसच्या दारात आप्पांनाच सांगितलं, "आप्पा, हिला ह्यातलं काय बी समजत न्हाई. पुलिसनं सांगितलं तरी चोवीस घंटे घरात बसून राहिली. आता डबे नक्को आणि गाडी नक्को. दोघींला घेऊन चाललो. पोरीचं पुढचं नांदेडला बघू."

सुमय्याही आईवर चिडलेली होती. "अम्मी, मी तुला नंबर पाठ करून दिला होता," एवढंच ती परत परत म्हणत होती. चांदबी कपडे पिशवीत भरत राहिली. रिक्षात बसताना तिनं आप्पांकडे बघून मान हलवली, येते म्हणून. आप्पांनीही मान हलवली.

त्यानंतरचे तीन आठवडे आप्पांनी कसे काढले ते त्यांचं त्यांना माहीत. चुलीशी आता चांगुणा नावाची बाई आली. कामाला चोख होती, पण चपात्या जाड व्हायच्या, आणि पोरं रोज विचारायची, चांदबीमौशी कधी येणार? गावाला गेलीय, असं आप्पा सांगायचे. रेणुकालाही त्यांनी खरं सांगितलं नव्हतं. त्या माणसानं फसवलं, इथपर्यंत सांगितलं होतं. फळीचं सांगितलं नव्हतं. पैसे भरून देण्याचा विचार त्यांच्या मनात पहिल्याच दिवशी आला होता, आणि पैसे देऊन आपण गप्प बसायची परवानगी विकत घेतोय हेही तिथंच कळलं होतं. त्यामुळं तेही हातून होईना. हळदीचा डबा काढायला हात वर गेला की तो तिथंच थांबायचा. शेवटी त्यांनी डबा खाली आणून ठेवला. त्यानं काही फरक पडला नाही, फळी होतीच.

मग एके दुपारी एक पोरगेला जवान मेसमध्ये आला. किनवटकडचा. धाकटी बहीण क्लासला होती, तिला भेटायला आलेला. बहिणीनं कौतुकानं सांगितलं, "आप्पा, हा माझा भाऊ, फौजेत हाय." ताट मांडलेलं होतं. आप्पा पुढं झाले आणि स्वतःच्या कानांना खरं वाटू नये अशा आवाजात म्हणाले, "ओळखपत्र हाय का?"

पोरगा जरासा गोंधळला. उठला, पाकिटातून कार्ड काढून त्यानं दोन्ही हातांनी पुढं धरलं. आप्पांनी ते उलटंसुलटं करून बघितलं. खरं होतं. पोरगा खाली मान घालून जेवला, जाताना न मागता पैसे ठेवून गेला, आणि आप्पांनी ते घेतले.

संध्याकाळी गल्ल्यावर बसल्या बसल्या त्यांना एकाएकी रडू आलं. भगदाडापाशी बसलेल्या त्या माणसाला आपण आज दारातून परतवून लावलं, असं त्यांना वाटलं. त्या चोरानं चांदबीचे पैसे नेले होते. बाकीचं जे नासलं ते त्यांनी स्वतः नासवलं होतं, फोन फळीवर ठेवून आणि नंतर तोंड शिवून. रेणुकानं विचारलं, काय झालं? तेव्हा पहिल्यांदा त्यांनी तिला सगळं सांगितलं. तिनं शिव्या दिल्या नाहीत. "मला सांगून काय उपयोग," ती म्हणाली, "जिथं सांगायचं तिथं जा."

सकाळच्या एसटीनं आप्पा निघाले. चाकूर, अहमदपूर, लोहा. प्रत्येक गाव मागं पडलं की त्यांना वाटायचं, इथं उतरून परतीची गाडी धरावी. नांदेडला उतरून रिक्षानं इतवारा भागात गेले. जिलानीभाईंचं पुस्तकं बांधायचं दुकान होतं आणि मागं घर. त्यांनी आदरानं आत नेलं. आप्पा लिंगायत, मांसमटण चालत नाही, हे ध्यानात ठेवून खिचडी आणि चिंचेचा खट्टा करायला सांगितलं. आतून चांदबी पाणी घेऊन आली. वाळली होती. रिकामे हात ती एकमेकांवर चोळत होती, कणीक मळणाऱ्या बाईला रिकामं बसणं जड जावं तशी.

"जेवून बोलू," जिलानीभाई म्हणाले.

"न्हाई. आधी बोलतो, मग तुम्ही जेवू घालता का बघू."

सुमय्या दाराशी येऊन उभी राहिली. आप्पांनी कुणाच्याच तोंडाकडे न बघता सुरुवात केली. पहिला फोन मी लावला, म्हणाले. डोळे झाकून पैसे दे, हे मी सांगितलं. तिसऱ्या हप्त्याला हिनं शंका काढली, ती मी उडवून लावली. "आणि जिलानीभाई, उशीर हिनं केला न्हाई. ही त्याच मिंटाला एकोणीसशे तीसला फोन लावत व्हती. मी हिच्या हातातून फोन काढून घेतला आणि फळीवर ठेवला. पोलिसापुढं हिनं माझं झाकलं. मी शेजारी उभा व्हतो. सही बी केली. तुम्ही हिला घेऊन निघालात, तवा बी गप्प बसलो. हिला काय समजत न्हाई म्हणालात तुम्ही. सगळं हिलाच समजलं व्हतं. मलाच समजलं न्हाई."

मग जिलानीभाईंचा आवाज आला, बारीक पण कडक. "तीन आठवडे, आप्पा? मी तीन आठवडे हिला काय काय बोललो, तुम्हाला म्हाईत हाय?"

"हाव. म्हणून आलो."

"लवकर आलात."

सुमय्या आईजवळ जाऊन बसली. "अम्मी, तू सांगितलं का नाहीस? मला तरी?"

चांदबीनं पोरीचा हात धरला. बोलली ती आप्पांशी. "आप्पा, तुमच्या त्या जवानाची गोष्ट मी अकरा वर्षांत पन्नासदा ऐकली असंल. त्या ठाण्यात त्याला कशाला उभं करायचं, असं वाटलं मला. तो तर खरा व्हता. पर एक सांगते, राग मानू नका. तुमचा जवान तुमच्यापाशी दोन वाजेपर्यंत बसला व्हता. दगड हळू काढा म्हणून. ह्याला पाच मिनटं दम निघंना. मला तवाच कळालं आप्पा, हा तुमचा न्हाई. मी बोलले बी, ह्याला एवढी घाई कामून. तुम्ही ऐकलं न्हाई."

आप्पांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. ज्या आठवणीवर ते सगळं आयुष्य तरले होते, ती त्यांच्यापेक्षा या बाईनं नीट ऐकली होती. त्यांनी त्या आठवणीतले तीन शब्द तेवढे धरून ठेवले होते, त्या माणसाचं बसून राहणं विसरले होते.

जिलानीभाई उठले. आतल्या कपाटाची किल्ली फिरल्याचा आवाज आला. चांदबीचा फोन आणि बँकेचं पुस्तक आणून त्यांनी तिच्या पुढ्यात ठेवलं. "माझी बी चूक झाली," एवढं पुटपुटून ते दुकानात निघून गेले. चांदबीनं फोन उचलला, ओढणीनं पुसला. मग म्हणाली, "मी लातूरला येते आप्पा. पर तुमच्याकडं कामाला येणार न्हाई. डबे सुरू करीन. गाडी हळूहळू घेईन."

"हाव," आप्पा म्हणाले. मग आतून ताट आलं, आणि ते जेवायला बसले.

परतल्यावर त्यांनी धम्मानंदांकडे जाऊन जबाब दुरुस्त करायला लावला. गेलेल्या पैशांतले परत काही आले नाहीत. आप्पांनी देऊ केलेली भरपाई चांदबीनं अर्धीच घेतली. "निम्मी चूक माझी, मी पाठवले," म्हणाली. निम्मी कसली, असं आप्पा आजही म्हणतात.

गाडी मिळाली ती दिवाळीनंतर. एका शाळामास्तरीणबाईंची, लातुरातलीच. चांदबीनं भर दुपारी, पोलीस चौकीसमोरच्या मोकळ्या जागेत बोलावलं. ओळखीचा मेकॅनिक आणला. गाडीवरचा नंबर कागदावरच्या नंबराशी अक्षर अक्षर लावून बघितला, मालकिणीचं नाव बघितलं, कर्ज फिटल्याचा कागद मागितला. बाईंनी घड्याळ बघून म्हटलं, मला शाळेत जायचंय, जरा लवकर कराल का? चांदबी म्हणाली, "मग उद्या येते, मॅडम." बाई हसल्या आणि थांबल्या.

आप्पांना तिनं बोलावून घेतलं होतं. काही बोलू नका, नुसतं उभं राहा, असं बजावून. ते कडेला उभे होते. कागद सगळे जुळले, तेव्हा एक चक्कर मारून बघते म्हणून चांदबी गाडीवर बसली. कुर्त्याला खिसा नव्हता. तिनं इकडंतिकडं बघितलं आणि फोन आप्पांपुढं धरला. "आप्पा, हा जरा धरा."

आप्पांचा हात लगेच पुढं आला नाही. मग आला. ती चौकाला वळसा घालून परत येईपर्यंत ते फोन दोन्ही हातांत धरून तिथंच उभे राहिले, अजिबात हलले नाहीत.